वाचकांचे प्रश्न : विजेवरची मोटार आत्ता घ्यावी का?

प्रश्न : मी साताऱ्यात सदरबझारमधील एका गृहनिर्माण संस्थेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी कोरेगावच्या शाळेत बदली झाल्यापासून रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर मोटार चालते, आणि मुलगी पुण्यात शिकत असल्यामुळे महिन्यातून दोन फेऱ्या तिकडे होतात. माझी २०१८ ची पेट्रोल मोटार ९०,००० किलोमीटर चालली असून तिची तक्रार काही नाही. तरी पेट्रोलचा खर्च पाहून आणि विजेवर ‘रुपयात किलोमीटर’ पडतो हे सहकाऱ्यांचे गणित ऐकून विजेवरची मोटार घ्यावी असे मनात येते. घरचे मात्र म्हणतात की घाटात बॅटरी झपाट्याने उतरते, आणि आमचे गाव मेढ्याच्या पुढे आहे. योग्य काय?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘तक्रार काही नाही’ हे तीन शब्द आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटले. त्यांच्याकडे आपण परत येऊ. आधी हिशेब मांडू.

शाळेच्या सुट्ट्या वजा करता आपली मोटार वर्षाला सुमारे १५,००० किलोमीटर चालत असावी. लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ९८,००० रुपयांच्या घरात जातो. लहान किंवा मध्यम आकाराची विजेवरची मोटार, चार्जिंगमधील घट धरून, युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे आपल्याला वर्षाला २,३०० युनिट लागतील. यांतील बहुतेक घरी आणि थोडे रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर, जिथे दर घरच्या जवळजवळ दुप्पट पडतो, असे गृहीत धरले तर खर्च ३२,००० रुपयांच्या आसपास येतो. बचत वर्षाला सुमारे ६५,००० रुपये. ‘रुपयात किलोमीटर’ हे सहकाऱ्यांचे गणित मात्र खरे नव्हे, कारण घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. आज आपल्या घरात महिन्याला दीडशे युनिट जळत असतील, तर मोटारीमुळे आपण तीनशेचा टप्पा ओलांडाल आणि त्यापुढचे प्रत्येक युनिट बरेच महाग पडेल. म्हणूनच मोटारीसाठी महावितरणकडून स्वतंत्र मीटर घेता येतो का आणि त्याचा दर काय, याची चौकशी मोटार पाहायला जाण्याआधी करावी.

आता ते तीन शब्द. आपल्याला नवी मोटार घ्यायचीच असती, तर तुलना नव्या पेट्रोल मोटारीशी झाली असती. किमतीतला फरक तीन लाख धरला, तर तो साडेचार-पाच वर्षांत वसूल होतो आणि बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत देत असल्याने त्यात धास्तीचे कारण राहत नाही. परंतु आपली तुलना चालू स्थितीतल्या, कर्ज नसलेल्या मोटारीशी आहे. जुनी विकून वर नऊ लाख रुपये घालायचे आणि ते कर्जाऊ घ्यायचे म्हटले, तर ९ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच ८०,००० रुपयांच्या आसपास होते, म्हणजे पेट्रोलच्या बचतीहून जास्त. केवळ खर्च वाचवण्यासाठी चांगली मोटार बदलणे हा व्यवहार आमच्या मते तोट्याचा आहे. धूर आणि आवाज नको म्हणून बदलायची असेल तर ती वेगळी गोष्ट. पण मग तिला बचत म्हणू नये.

तरीही दोन-तीन वर्षांनी मोटार बदलावी लागेलच, आणि तोवर करण्यासारखे काम पार्किंगमध्ये आहे. आपल्या रोजच्या चाळीस किलोमीटरला सहा-साडेसहा युनिट लागतात आणि ती पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर दोन-अडीच तासांत भरतात. त्यासाठी भिंतीवरचा मोठा चार्जर घेण्याचेही कारण नाही. मात्र तो प्लग आपल्या मीटरवरून, पुरेशा जाड तारेने आणि पक्क्या अर्थिंगसह पार्किंगच्या जागेपर्यंत यायला हवा, आणि त्यासाठी संस्थेची संमती, मंजूर भाराची तपासणी व जाणता वायरमन लागतो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शन वायर कृपया विचारातही घेऊ नका. संस्थेच्या सभेत हा विषय निघाला की कोणीतरी आगीची भीती घालतेच. तेव्हा स्वतंत्र एमसीबी (जादा भार येताच वीज तोडणारा स्विच) आणि विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच बसवण्याची तयारी लेखी द्यावी. संमती न मिळाल्यास आमचा सल्ला सरळ आहे : रोज बाहेर चार्ज करावी लागणारी मोटार घेऊ नये.

घाटाबद्दल घरच्यांची शंका निम्मी बरोबर आहे. साताऱ्याहून महाबळेश्वरला जाताना मोटार सुमारे ६०० मीटर वर चढते. माणसांसह सतराशे किलो वजन तेवढे उचलायला जवळपास तीन युनिट जादा लागतात, म्हणजे पल्ल्यात (एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतरात) वीस किलोमीटरची घट. उतरताना मोटर उलट वीज तयार करते आणि यातला निम्म्याहून अधिक वाटा परत मिळतो. फक्त वरून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली नसावी, कारण भरलेल्या बॅटरीत ही वीज घालायला जागाच उरत नाही. घाटापेक्षा पल्ला खातो तो महामार्गावरचा वेग. पुण्याची २३० किलोमीटरची फेरी शंभराच्या वेगाने केली, तर ४० युनिटची बॅटरीही काठावर येते आणि परतताना खंबाटकी घाटाचा चढ शिल्लक असतोच. तेव्हा पुण्यात किंवा वाटेत एकदा चार्जिंग गृहीतच धरावे. गावाबाबत खरी अडचण वेगळीच आहे. मेढ्याकडच्या जावळी तालुक्यात पावसाळ्यात एक-दोन दिवस वीज गेली की घरचा प्लग निरुपयोगी होतो, म्हणून तिकडे जाताना साताऱ्यातूनच पूर्ण भरून निघावे.

सवलतींविषयी थोडक्यात : विजेवरच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे आणि राज्यात मोटार वाहन करातही सूट आहे. २०२५ च्या राज्य धोरणातील टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर मिळते. आपला पुणे-सातारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्याने तिथे ती हिशेबात धरू नये.

प्रश्न : वाईत एका ओळखीच्या गृहस्थांची चार वर्षे वापरलेली विजेवरची मोटार निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावी का?

उत्तर : किलोमीटरच्या आकड्याआधी बॅटरीची उरलेली क्षमता पाहावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तिचा अहवाल काढून घ्या आणि हमी दुसऱ्या मालकाच्या नावावर जाते का, कोणत्या अटींवर, हे लेखी विचारा. काही हमी पहिल्या मालकापुरत्याच असतात. नंतर मोटार पूर्ण भरून पाचवडवरून साताऱ्याला जाऊन या आणि किती टक्के उतरली ते टिपून ठेवा. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरला निम्मी बॅटरी गेली असेल, तर ओळख कितीही जुनी असली तरी व्यवहार करू नये.