कागद फाडू नकोस, वाळू दे

अगं, चित्र बिघडलं म्हणून कागदच फाडलास? पुढच्या वेळी नुसता बाजूला ठेव. जलरंगात निम्मी गंमत वाळल्यावर कळते.

मागे माझाही हात असाच आखडला होता. महिनाभर एक रेघ धड नाही. शेवटी सकाळची एसटी पकडून वाईला गेलो, तिथून मेणवलीला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. १७३९च्या वसई मोहिमेतली पोर्तुगीज घंटाही तिथेच टांगलेली आहे. सगळे तीच काढतात, म्हणून मी पायऱ्या घेतल्या. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून राखाडी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकला, आणि तो ओलसर असतानाच पावसाचे चार टपोरे थेंब पडले. झालं! रंग सरकून फुलकोबीसारख्या कडा उठल्या. चरफडत चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर पायरीचा दगड हुबेहूब झिजलेला, शेवाळलेला. मुद्दाम काढायला गेलो असतो तर जमला नसता.

आता तेच ठरवून करतो. वॉशची चमक ओसरू लागली की स्वच्छ पाण्याचा एक थेंब सोडायचा. घाई केलीस तर विरून जातो, उशीर केलास तर नुसता फिकट डाग राहतो. कागद मात्र ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, घे. पातळ कागद पापडासारखा वळतो.

आणि जाताना अख्खी पेटी नेऊ नकोस. चार रंग, एक ब्रश, पाण्याची बाटली. मी एकदा बाटलीच विसरलो, मग नदीचं पाणी वापरलं. त्या चित्राला अजून बारीक वाळू चिकटलेली आहे.