मंडळीची वही आता तुझ्याकडे

चि. पोरी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

रविवारी उपासनेनंतर आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचकमिटीनं तुला सेक्रेटरी नेमलं, हे पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं. रात्री तुझा निरोप आला : "गुरुजी, आधी काय करू?" एकवीस वर्षं ही वही माझ्याकडे होती, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पहिला महिनाभर फार काही लिहू नकोस. व्यासपीठामागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्यात चार रजिस्टरं आहेत : सभासद, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. ती पहिल्या पानापासून वाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडन आणि अमेरिकेहून मिशनरी आपल्या पश्चिम खान्देशात आले, त्यानंतर हळूहळू गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या. आपल्या रजिस्टरच्या सुरुवातीच्या पानांवर म्हाताऱ्यांची नावं जुन्या मावची, म्हणजे आपल्या आदिवासी बोलीच्या, वळणाची आहेत. पुढच्या पानांवर त्यांच्याच पोरांची याकोब, शिमोन, एस्तेर, रूथ. आडनावं मात्र गावित, वसावे, वळवी, तीच चालत आलेली. वाचताना तुला तुझी पणजीही सापडेल.

लोक दाखले मागायला येतील. कुणाला पासपोर्ट काढायचा असतो, कुणाला लग्न ठरवायचं असतं. धर्म बदलल्यानं अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही, पण जात पडताळणीच्या वेळी घरातला प्रत्येक जुना कागद हुडकावा लागतो, आणि तेव्हा पोरं आपल्याकडेही धावत येतात. एका पावसाळ्यात मी बाप्तिस्म्याचं रजिस्टर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वाळवीनं नऊ पानं खाल्ली. त्या पानांवरच्या माणसांना मी पुढं कधीच दाखला देऊ शकलो नाही. तू वही वरच्या खणात ठेव, कडुनिंबाचा पाला घाल आणि या वर्षीच सगळ्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी जपून ठेव.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडचं लग्न 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतं. लावणाऱ्या पाळकांकडे लायसन्स हवं, आणि रजिस्टरवर नवरा-नवरी, दोन साक्षीदार नि पाळक यांच्या सह्या तिथल्या तिथं व्हायला हव्यात. जेवणं झाल्यावर घेऊ म्हटलं की एखादी राहतेच. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज गेला पाहिजे. दानार्पण दोघांनी मिळून मोजायचं, तेही देवळातच. घरी नेऊन मोजू नये, घर कितीही विश्वासाचं असो.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसलो ते. दिवाळी झाली की आपली निम्मी मंडळी ऊसतोडीला गुजरातेत जाते. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला बारडोली, मढी, गणदेवीकडच्या साखर कारखान्यांच्या पडावावर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या तळावर, जावंच लागतं. बाकं रिकामी पडतात, पोरांच्या रविवारच्या शब्बाथशाळेत सहा पोरं उरतात. नवा माणूस हे बघून घाबरतो आणि मंडळी थंडावली असं म्हणायला लागतो. मीही म्हणालो होतो.

माझं सेक्रेटरीपणाचं तिसरं वर्ष होतं. वार्षिक वर्गणी थकली होती, कमिटीत ठराव झाला, आणि मी पट्टी घेऊन लाल शाईनं चौदा नावं खोडली. वैशाखात माणसं परत आली. पहिल्याच रविवारी एका म्हातारीनं नातवाकडून यादी वाचून घेतली, माझ्याजवळ आली आणि मावचीत विचारलं, "मी मेले का गुरुजी?" तिच्या हाताला कोयत्याचे घट्टे होते. पदराच्या गाठीत वर्गणीचे पैसे होते, मढीहून बांधून आणलेले. मला बोलता आलं नाही. ती चौदा नावं मी पुन्हा लिहिली, पण लाल रेघा त्या पानावर अजून आहेत. तू त्या बघाव्यास असं मला वाटतं.

तेव्हापासून मी नावापुढं 'गैरहजर' लिहिणं सोडलं. गाव लिहितो, कारखाना लिहितो, मुकादमाचा फोन लिहितो. नाताळच्या आठवड्यात नवापूरहून सुरतेकडची गाडी धर. (आपलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, पडावावरच्या पोरांना याचं फार कौतुक, त्यांना सांग.) सोनगड, व्यारा, मढी, तिथून रिक्षा. बायाबापे दिवसभर तोडतात, रात्री गाडी भरायचीही पाळी येते, म्हणून प्रार्थना जेवणाआधी घ्यायची आणि अर्ध्या तासात संपवायची. लांब संदेश नको, दमलेली माणसं बसल्या जागी झोपतात. ढोलकी ने. घरून निघताना मागं राहिलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला भेट, त्यांचा निरोप नि कुणी दिलंच तर तुरीच्या शेंगांचं गाठोडं सोबत घे. असा नाताळ मी सात वेळा केला. देवळातल्या झगमगत्या चांदणीपेक्षा तो माझ्या जास्त लक्षात आहे.

कापणीचा सण मात्र गावातच, ऊसतोडीची माणसं निघायच्या आधी उरकून घे. तारीख पाळकसाहेबांच्या सोयीनं न धरता ट्रक कधी येणार हे विचारून धर. भात, नागली, भोपळे, कोंबडे, सगळं व्यासपीठापुढं मांडलं की डोळे निवतात. मग या अर्पणाचा लिलाव होतो, त्यात एक काळजी घे. मोठा कोंबडा आधी पुकारला की त्यावर चढाओढ होते, पैसे संपतात, आणि विधवेची पाच अंडी शेवटी कुणी घेत नाही. ती मान खाली घालून बसते. तिची अंडी सगळ्यात आधी पुकार. माणसं ताजी असतात, खिसा भरलेला असतो, पाच अंड्यांना कोंबड्याची किंमत येते.

गाण्यांवरून तरुण संघात आणि म्हाताऱ्यांत कुरबुर चालू आहे, असं कानावर आलं. गिटार असू दे. पण महिला मंडळातल्या तीन-चार आज्या झांजांवर जी मावची भजनं म्हणतात ती कुठंच छापलेली नाहीत. त्यांच्याकडे बसून देवनागरीत उतरवून घे, चालही रेकॉर्ड कर. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, तरी त्यांनी अभंग सोडला नाही. ख्रिस्ताला त्यांनी मराठी भजनात आणलं, म्हणून आपण आज पेटी-मृदंगावर गातो. आपल्या आज्यांनी तेच मावचीत केलंय. हे काम मी टाळत राहिलो, आणि त्यातल्या दोघी आता दफनाच्या रजिस्टरात आहेत.

दफनाची जागा सातबाऱ्यावर कशी लागली आहे ते तलाठ्याकडून बघून घे. खड्डा खणायची पाळी लावू नकोस, पोरं आपणहून येतात. शेजारच्या फळीतली (पाड्यातली), देवळात न येणारी माणसंही पहार घेऊन येतात. त्यांच्याकडे कुणी वारलं की आपणही पहिल्या तासात पोचायचं.

किल्ली पाळकमायकडे ठेवली आहे. सभासदांच्या वहीत बत्तिसाव्या पानावर एका कुटुंबापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं आहे. नवरा-बायको आणि दोन मुली, तीन वर्षं झाली, गणदेवीकडून परत आलेले नाहीत. या नाताळात तिकडं गेलीस तर पडावावर त्यांची चौकशी कर, आणि जे कळेल ते मला रात्रीच फोन करून सांग.

तुझे
गुरुजी