घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणालं म्हणून घरी बसलात?

होल्टर (अंगावर लावून हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र), तेच काम करणारी छातीवरची चिकटपट्टी, हातावरचं घड्याळ, पेसमेकरची माहिती पाठवणारा डबा... सगळं ‘वायरलेस’ म्हणून लोक एकाच माळेत ओवतात आणि तोच गोंधळ दर महिन्याला माझ्या टेबलावर येतो. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतो.

आईला २४ तासांचं होल्टर लावलंय. अंघोळ चालेल का? (नौपाडा)

नाही. एक दिवस अंग पुसून घ्या. चिकटपट्टीचं यंत्र असेल तर लावणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा. अंघोळ बुडाली तरी चालेल, डायरी बुडवू नका. कधी धडधडलं, कधी जिना चढल्या, कधी चक्कर आली, वेळेसकट लिहा.

पेसमेकर बसवलाय. मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवू का? (ऐरोली)

नको. पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवा आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा.

बाबांच्या छातीत रात्री दोनला दडपल्यासारखं झालं, घाम आला. घड्याळावर ईसीजी काढला, ‘सायनस ऱ्हिदम’ आलं. ते परदेशातल्या भावाला पाठवलं, तोही म्हणाला नॉर्मल आहे. सकाळी बरं वाटलं. आता दाखवायची गरज आहे का? (खारघर)

आहे. आजच, हे वाचून होताच. काल रात्रीच न्यायला हवं होतं.

डाव्या मनगटावर घड्याळ आणि त्यावर उजव्या हाताचं बोट, म्हणजे दोन हातांमधला विजेचा एकच आलेख, तोही साधारण ३० सेकंदांचा. ठोके नियमित पडतात की नाही, एवढंच त्यातून कळतं. ‘सायनस ऱ्हिदम’चा अर्थ ठोक्याची सुरुवात योग्य जागेतून होते आहे, इतकाच. रक्तवाहिनी तुंबली का, याचं उत्तर त्यात नाही. ॲटॅक चालू असतानाही ठोके अगदी शिस्तीत पडू शकतात. दवाखान्यात अंगावर दहा ठिकाणी तारा लावून बारा बाजूंनी हृदय पाहतात ते उगाच नाही. हृदयाच्या खालच्या भागातला ॲटॅक घड्याळाच्या त्या एका बाजूने निसटू शकतो. इतकंच काय, पहिला बारा लीडचा ईसीजी साफ आला तरी आम्ही तो पुन्हा काढतो, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतो. काही घड्याळांच्या ॲपवरच लिहिलेलं असतं की हे यंत्र हार्ट ॲटॅक शोधत नाही. ते कोणी वाचत नाही, स्क्रीनशॉट मात्र साऱ्या खानदानाला जातो.

मोठ्या ॲटॅकमध्ये तुंबलेली वाहिनी रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत उघडावी, अशी आमची धडपड असते. तिथे तुम्ही सोडा पिऊन, ‘गॅस असेल’ म्हणत पहाट करता. मधुमेह्यांना तर कधी छातीत दुखतही नाही, नुसती धाप किंवा घाम. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम असं झालं की १०८ लावा. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही. घड्याळ उशाशी राहू द्या.

घड्याळ ‘अनियमित ठोके’ सांगतं, मला काहीच त्रास नाही. (कोपरी)

दुर्लक्षही नको, घबराटही नको. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. असा इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावली, त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, सापडलं. ते असेल तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. तो आलेख घेऊन फिजिशियनकडे जा. शेजाऱ्याची रक्त पातळ करायची गोळी घेऊ नका.

सोसायटीत शिबिर झालं. छातीचा पट्टा, वर्षाची वर्गणी आणि ‘२४ तास हृदयतज्ज्ञांची नजर’. घ्यावा? (घोडबंदर रोड)

नजर कोणाची? रात्री तीनला इशारा कोणाच्या फोनवर वाजणार, त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक काय, रुग्णवाहिका कोण पाठवणार, हे लेखी मागा. बहुतेकदा तिथेच शिबिराचा तंबू उठतो. आणि यंत्र त्रासाप्रमाणे निवडायचं असतं. रोज धडधडत असेल तर होल्टर पुरतं. आठवड्यातून एखाद वेळी होत असेल तर १४ दिवसांपर्यंतची पट्टी. चार-सहा महिन्यांतून एकदाच शुद्ध हरपत असेल तर कातडीखाली बसवायचा, ठोके नोंदवणारा लूप रेकॉर्डर, तो तीनेक वर्षं चालतो. यातलं काय लागेल हे तुम्हाला तपासून डॉक्टर ठरवतील. सोसायटीच्या हॉलमध्ये पावती फाडणारा नाही.

पेसमेकरची माहिती पाठवणारा डबा उशाशी असतो. गणपतीला गावी कोकणात रेंज नाही. पेसमेकर बंद पडेल का? (वर्तकनगर)

नाही. पेसमेकर स्वतःच्या बॅटरीवर चालतो, डबा फक्त निरोप्या. रेंज नसेल तेव्हा नोंदी पेसमेकरमध्येच साठतात आणि परत आल्यावर जातात. पण त्या दिवसांत इशाराही उशिरा पोचेल, म्हणून किती दिवस जाताय ते निघण्यापूर्वी पेसमेकर क्लिनिकला कळवा. तसंही हा डबा म्हणजे आपत्कालीन सेवा नव्हे. त्याचे निरोप क्लिनिकमध्ये बहुधा कामाच्या वेळेतच पाहिले जातात. गावी चक्कर आली तर डब्याकडे बघत बसू नका, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा.