कोच विचारतो, ठरवायचं तुम्हीच

प्रश्न : वय 28. अमरावतीत राहून चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, जमलं नाही. आता गावी आलो. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. बाबा म्हणतात शेती पाहा, मामा म्हणतात नागपूरला कंपनीत लाग, आणि मनातून परीक्षा सुटत नाही. मोबाइलवर एका लाइफ कोचची जाहिरात पाहिली : तीन महिने, 25 हजार रुपये, आयुष्य बदलण्याची हमी. घ्यावं का? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ही जाहिरात सोडून द्या. तुमचा निर्णय तुम्हीच घेणार आहात, मग त्याची हमी दुसरा कशी देईल?

पण कोचिंगच नको, असं आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर येतो. हे त्याच्या उलट आहे. शिकवणीत मास्तरांना उत्तर ठाऊक असतं, इथे कोचला ते ठाऊक नसतं. तो प्रश्न विचारतो, तुम्ही बोलता, आणि तुमचंच बोलणं तुम्हाला नीट ऐकू येतं. शेवटी एक काम ठरतं आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब होतो. या हिशेबासाठीच माणूस लागतो, बाकी विचार तर आपण रात्रभर करतच असतो.

एक भेट 45 ते 60 मिनिटांची असते. पुष्कळ कोच चार टप्प्यांनी जातात : ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय, निर्धार. ब्रिटनच्या जॉन व्हिटमोर यांनी 1992 पासून ही पद्धत सर्वदूर नेली. तुमच्यापुरती ती अशी दिसेल.

'सेटल व्हायचं' हे ध्येय नाही. 'गुढीपाडव्यापर्यंत पुढच्या एका वर्षाचं काम ठरवायचं' हे ध्येय आहे. पाडवा यासाठी, की सालगडी आणि मक्ता तेव्हाच ठरतो. ते एकदा ठरलं की वर्षभर हात बांधले जातात.

वस्तुस्थिती कागदावर उतरवा. वयोमर्यादेनुसार किती प्रयत्न उरले? शेवटच्या परीक्षेत कटऑफपासून किती गुणांनी मागे होता? मागच्या तीन हंगामांत बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी वजा जाता पाच एकरांनी हाती किती दिलं? पीककर्जाची बाकी किती? बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आकडे काढायची भीती वाटते, म्हणून पाच मिनिटांत हा टप्पा उरकून माणूस पर्यायांवर उडी मारतो, आणि महिन्याभरात बेत कोसळतो. दोन भेटी यातच गेल्या तरी जाऊ द्या.

पर्याय निदान पाच लिहा. पहिले दोन बाबांचे आणि मामांचे असतील, तुमचे स्वतःचे तिसऱ्यापासून सुरू होतात : एकच शेवटचा प्रयत्न आणि सोबत तीन एकरांची जबाबदारी, किंवा नागपुरात सहा महिने काम करून पाहणं. मग निर्धार. 'चौकशी करतो' चालणार नाही. 'बुधवारी सकाळी 11 वाजता बँकेत जाऊन कर्जाची बाकी लिहून आणीन' असं वार आणि वेळेसह बोला. हे होईल याची खात्री 10 पैकी किती, तेही स्वतःला विचारा. 7 च्या खाली असेल तर काम मोठं धरलंय, ते लहान करा.

फसतं कुठे? एक तर ध्येय उसनं असतं. बोलताना सारखं 'पाहिजे', 'लागतं', 'लोक काय म्हणतील' येत असेल तर ते मामांचं ध्येय आहे, तुमचं नाही. दुसरं, वेळ चुकते. मृगापासून पेरणीची धांदल आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी, तेव्हा भेटी बुडतात आणि पैसे वाया जातात. डिसेंबरअखेर सुरुवात करा, दर पंधरा दिवसांनी एक अशा सहा भेटी पुरतात. साधा फोन चालतो, व्हिडिओची गरज नाही. घरात भिंतीला कान असतात. बांधावर जिथे रेंज येते तिथे बसा.

माणूस कसा निवडायचा? भारतात कोच म्हणवून घ्यायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे तपासणं तुमच्याच हाती. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 पासूनची संस्था प्रमाणपत्रं देते. तिच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसीला, किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, पुढच्या पीसीसीला 125 आणि 500 तास. प्रमाणपत्र असल्याचं सांगितलं तर संस्थेच्या संकेतस्थळावर नाव पाहा. पहिली अर्ध्या तासाची ओळखभेट पैसे न देता मागा आणि लक्ष ठेवा : तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलला तर तो कोच तुमच्या कामाचा नाही. भेटी किती, मिनिटं किती, मधेच थांबलं तर पैसे परत कसे, बोलणं गुप्त राहील का, हे लेखी घ्या. पैसे भेटीगणिक द्या, हप्त्यावर कर्ज काढून मुळीच नको. कुणी तुम्हालाच कोच बनवण्याचा महागडा कोर्स गळ्यात मारू लागला तर तिथून उठा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

प्रश्न : मुलगा पुण्याला नोकरीवर आहे. म्हणतो, सहा एकर मक्त्यानं द्या आणि आमच्याकडे या. यजमानांचा जीव वावरात. मी मधात सापडले, घरात रोज वाद. कोचला द्यायला पैसे नाहीत. घरच्या घरी काही करता येईल का? – एक भगिनी, आर्वी तालुका

उत्तर : येईल ताई, पण सोबतीण घराबाहेरची घ्या. घरातल्या प्रत्येकाचा या निर्णयात काही ना काही वाटा आहे, त्यामुळे त्यांना नुसतं ऐकणं जमणार नाही. बचत गटातली, ऐकलेलं पोटात ठेवणारी बाई शोधा. आठवड्यातून एकदा अर्धा तास तुम्ही बोला, तिनं फक्त विचारायचं, मग पाळी बदला. नियम एकच : सल्ला द्यायचा नाही. 'मी तुझ्या जागी असते तर' हे शब्द आले की थांबवायचं. हे सगळ्यात अवघड जातं, कारण मायेनंच सल्ला बाहेर पडतो. तिनं विचारायचे चार प्रश्न पुरेत : तुला काय हवं? आज नेमकं काय आहे? अजून काय करता येईल? पुढच्या आठवड्यापर्यंत काय करशील?

यजमानांशी मात्र वेगळ्या जागेवरून बोला. बदलाची सुरुवात काहीतरी संपण्यापासून होते, आणि जे संपतंय त्याचं नाव कुणी घेत नाही तोवर माणूस जागचा हलत नाही. वावर गेलं की त्यांचं काय काय जातं? पहाटेचा बांधावरचा फेरा, बैलजोडी, पोळ्याला जोडी सजवण्याचा मान, चावडीवर 'यंदा पराटी कशी?' असं विचारणारी माणसं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच नाही. हे तुम्ही त्यांच्यासमोर मोठ्यानं बोललात तर निम्मा वाद तिथेच निवेल.

मग कायमचा निर्णय न घेता परतीची वाट असलेला प्रयोग ठरवा. वेचणी आटोपल्यावर फेब्रुवारीत एक महिना दोघं पुण्याला राहा. पटलं तर पाडव्याला चार एकर एकाच वर्षासाठी मक्त्यानं द्या, दोन एकर आणि बैलजोडी ठेवा. त्या वर्षात दोन गावांत ये-जा करताना मन कुठेच लागणार नाही, हे आधीच धरून चाला. त्या काळात वावर विकायचा विषय काढू नका. मक्त्याचा कागद कसा करायचा ते मात्र वकिलाला विचारा.

प्रश्न : यंदा सोयाबीन हातचं गेलं. तेव्हापासून मोठा भाऊ झोपत नाही, जेवत नाही, 'माझ्यानं काही होत नाही' म्हणतो. त्याला कोच लावून देऊ का? – राळेगाव तालुका

उत्तर : नाही. ठरवायची ताकद शिल्लक आहे त्याला कोच उपयोगी पडतो. झोप, भूक आणि उमेद दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल तर तो दुखणाईत आहे असं समजा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, आणि 'विचार कर, ठरव' म्हणून मागे लागू नका. त्यानं तो आणखी खचेल.

त्याला शांतपणे, सरळ विचारा : 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीच लावून त्याच्या हाती द्या. आणि त्याचं उत्तर काहीही असो, फवारणीचे डबे आजच घरातून आणि गोठ्यातून काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. किल्ली त्याला माहीत नसलेल्या हातात राहू द्या.