बायोडायनॅमिक बागकाम म्हणजे नेमकं काय? नवख्याने सुरुवात कुठून करावी?

सेंद्रियच आहे हो, फक्त वर चंद्राचं कॅलेंडर आणि काही अजब वाटणारी खतं. सुरुवात 1924 ची, रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन माणसाने कोबरविट्झला (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये) शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली, तिथून हे सगळं आलं.

सगळ्यात फेमस 500 नंबरचं खत. गाईच्या शिंगात (बैलाच्या चालत नाही म्हणे) ताजं शेण ठासून भरायचं आणि थंडीभर जमिनीत पुरून ठेवायचं, आपल्याकडे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च, बाहेर काढलं की शेणाचा वास गेलेला असतो आणि काळसर मऊ मातीसारखं हाताला लागतं. एकराला 25-30 ग्रॅम पुरतं. कोमट पाण्यात तासभर ढवळायचं, एका बाजूने भोवरा पडला की लगेच उलट फिरवायचं, मग संध्याकाळी मातीवर शिंपडायचं. दंड भरून येतात, आधीच सांगतो.

कॅलेंडरमध्ये मूळ, पान, फूल, फळ असे दिवस असतात, म्हणजे मुळा-गाजर मूळ दिवशी, पालक-मेथी पान दिवशी. याला ठोस वैज्ञानिक पुरावा नाही, माझ्या मते फरक पडतो तो कंपोस्ट आणि मल्चिंगने (म्हणजे मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन).

तेव्हा शिंगं शोधत फिरू नका. एका कोपऱ्यात सुका पालापाचोळा, किचनचा ओला कचरा, शेण असे थर लावा, ओल राखा, अधूनमधून वरखाली करा. ते जमलं की मग 500 विकत आणून ट्राय करा, कुंड्यांना चिमूटभर बास.