बोअरिंगच्या पाण्याला पेट्रोलचा वास

प्रश्न : आमच्या गृहसंकुलातील बोअरिंगच्या पाण्याला गेल्या पावसाळ्यापासून अधूनमधून पेट्रोलसारखा वास येतो. शेजारीच पेट्रोल पंप आहे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून तपासणीला दिले, तेव्हा इंधनाचा अंश नसल्याचा अहवाल आला. आता निरीक्षण विहिरी (भूजल तपासण्यासाठीच्या नळीच्या विहिरी) घ्याव्यात असे सुचविण्यात आले आहे. 400 फूट खोल बोअर असताना या खर्चाची गरज आहे का? (एक वाचिका, इंदूर)

उत्तर : गरज आहे. हाती आलेल्या अहवालावर आपण मुळीच विसंबू नये. पेट्रोलमधील बेंझीन, टोल्युईन, झायलीन ही द्रव्ये फार लवकर उडून जातात. पंपाने वर चढून गच्चीवरच्या टाकीत उन्हात तापलेल्या पाण्यात त्यांचा माग लागला नाही, यावरून जमिनीखाली काय आहे हे कळत नाही. असा नमुना थेट बोअरच्या तोंडाशी, काचेच्या लहान कुपीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावा लागतो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बर्फात ठेवावा लागतो.

मात्र नमुना नीट घेतला तरी खोल बोअर या कामाला अपुराच पडतो. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने ते भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते. आपल्या बोअरमध्ये मात्र वरच्या माती-मुरमाच्या भागात बंद केसिंग (खाचा नसलेली नळी) असते आणि पाणी त्याखालच्या खडकातील अनेक भेगांतून येऊन मिसळते. त्यामुळे वरचा दूषित थर निसटतो किंवा मिसळून इतका विरळ होतो की आकडा फसवा ठरतो. शिवाय केसिंगभोवतीची फट नीट बंद केलेली नसेल, तर असा बोअर दूषित पाण्याला खालच्या भेगांपर्यंत वाट करून देतो.

निरीक्षण विहीर उथळ असते आणि तिच्या नळीचा खाचा पाडलेला भाग भूजलपातळीच्या वर व खाली अशा दोन्ही बाजूंना येईल असा बसवितात. समजा, पाणी पावसाळ्यात 4 मीटरवर आणि उन्हाळ्यात 12 मीटरवर असेल, तर तो भाग या सर्व अंतरात हवा; नाहीतर तरंगणारे पेट्रोल विहिरीत शिरणारच नाही. नळीभोवती धुतलेली वाळू, तिच्यावर बेंटोनाइट मातीचा थर, त्यावर सिमेंट आणि शेवटी कुलूपबंद झाकण असते. विहिरीत पेट्रोलचा थर सापडलाच, तर भोवतालच्या जमिनीतला थर बहुधा त्याहून पातळ असतो, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे.

पाणी कोणत्या दिशेला वाहते हे ठरविण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. माळव्याच्या बेसाल्ट खडकात तेवढ्यावर भागेलच असे नाही, कारण येथे पाणी भेगांच्या दिशेने जाते आणि पंपाच्या अगदी लगतची विहीर स्वच्छ निघून दूरची दूषित निघू शकते. एक विहीर पेट्रोल पंपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल जिकडून वाहत येते त्या बाजूला, अवश्य असावी, म्हणजे दोष दुसरीकडून येत असल्यास कळेल. संकुलात डिझेलचा जनरेटर असल्यास तोही तपासावा; पेट्रोल आणि डिझेल यांतला फरक प्रयोगशाळा ओळखू शकते.

विहिरी खोदतानाच निरनिराळ्या खोलीवरच्या मातीचे नमुने घ्यावेत. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत पेट्रोल भेगांतून सरळ खाली उतरते, म्हणून एखादे स्वच्छ ढेकूळ पाहून निश्चिंत होऊ नये. वास पावसाळ्यापासून का सुरू झाला, याचा उलगडाही बहुधा येथेच आहे : पाणी खाली जाते तेव्हा पेट्रोल मातीला चिकटून राहते आणि पातळी पुन्हा वर आली की त्यातले बेंझीन पाण्यात विरघळते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी निदान दोन वेळा तपासणी हवी.

हा सारा भार रहिवाशांनी एकट्याने उचलावा, हे मला न्याय्य वाटत नाही. जिल्हाधिकारी आणि मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचे इंदूर येथील प्रादेशिक कार्यालय यांच्याकडे लेखी तक्रार करून पंपाच्या भूमिगत टाक्यांची गळती-चाचणी आणि इंधनसाठ्याच्या नोंदींची पडताळणी यांची मागणी करावी.

प्रश्न : तोवर पाणी उकळून प्यावे का? (त्याच वाचिका)

उत्तर : नाही. उकळल्याने बेंझीन स्वयंपाकघराच्या हवेत जाते आणि तेच आपल्या श्वासातून आत येते. बंद न्हाणीघरात याच गरम पाण्याने स्नान करणेही टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि त्याचा वास जाणवतो तो याच्या कितीतरी पट प्रमाण झाल्यावर. म्हणून वास न येणाऱ्या दिवशीही हे पाणी वापरू नये आणि पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी नर्मदेचे नळाचे पाणी वेगळ्या टाकीत साठवावे.