ब्लॉक म्हणजे काय, आणि तो कशाला?

प्रश्न : सासूबाईंच्या (वय 58) स्तनातली गाठ जवळच्या नर्सिंग होममध्ये काढली. रिपोर्ट कॅन्सरचा आला. आता परळच्या टाटा रुग्णालयात जायचंय, तर ‘ब्लॉक आणा’ म्हणतात. रिपोर्ट पुरत नाही का? – एक सून, भांडुप

उत्तर : नाही पुरत. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्याचे पातळ काप काढून ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर हॉर्मोनला दाद देणारे रिसेप्टर आहेत का) आणि हर-2 (पेशींची वाढ करणारं एक प्रथिन जास्त आहे का) तपासतात. औषध त्यावरच ठरतं. ज्या लॅबचा रिपोर्ट आहे तिथे अर्ज द्या, सगळे ब्लॉक आणि स्लाइड (काप लावलेल्या काचपट्ट्या) मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच जुळवून घ्या. मेण आहे, उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

गाठ कशात पाठवली होती, हेही विचारा. ताबडतोब 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (गाठ टिकवणारं द्रावण), तेही गाठीच्या किमान दहापट, असं हवं. मग त्यातच 6 ते 72 तास. सलाइनच्या बाटलीत रात्रभर राहिली, तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मग ईआर पॉझिटिव्ह असेल तरच देतात ती टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त हॉर्मोनविरोधी गोळी (रोज 20 मिलिग्रॅम, किमान 5 वर्षं) हातची जाते. शंका असेल तर ईआर दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. हर-2 ‘2 प्लस’ आला तर फिश तपासणी (हर-2 च्या जनुकाच्या प्रती मोजणारी) लागते.

खरं तर आधी सुईने बायोप्सी, मग ऑपरेशन, हाच क्रम. आता ते झालंय. ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्डही सोबत घ्या.